टायर फुटल्यावर ‘ब्रेक मारा’ सांगणाऱ्यांना कोल्हापूरच्या टायरवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यात रस्ता सुरक्षा, वाहन परवाने आणि महामार्गाची देखभाल यांचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी;
तसंच चारचाकी शिकवणाऱ्या ड्रायव्हिंग स्कूलचे चालक-मालक

स. न. वि. वि.

जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांमधून एक रंगीत पत्रक वाटलं गेलं. हेल्मेट, सीटबेल्ट, मोबाइल, दारू, सगळं त्यात होतं आणि ते बरोबरच होतं. अगदी खाली एका चौकटीत ‘वाहन चालवताना टायर फुटल्यास’ असं शीर्षक आणि त्याखाली एकच ओळ: ‘घाबरू नका, त्वरित ब्रेक दाबून वाहन रस्त्याच्या कडेला घ्या.’

यातलं ‘घाबरू नका’ तेवढं ठीक आहे. बाकीची ओळ जीव घेईल.

मी टायरवाला आहे. पुणे-बंगळूर महामार्गाला, शिरोलीच्या बाजूला माझं दुकान आहे. वडील ट्रकच्या ट्यूबची पंक्चर काढायचे, मी ट्यूबलेस, अलाइनमेंट, बॅलन्सिंगपर्यंत आलो. रस्त्यावर फुटलेला टायर शेवटी आमच्यासारख्यांच्याच दारात येतो. तो बघून कशानं फुटला हे बहुतेक वेळा सांगता येतं, आणि सोबत आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून फुटल्यावर त्यानं काय केलं तेही कळतं.

पत्रक घरी आणलं माझ्या मुलीनं. ती इचलकरंजीच्या एका कॉलेजात शिकवते, रोज स्वतः गाडी चालवत जाते. म्हणाली, “पप्पा, तुम्ही मला एक शिकवलंय, यात दुसरंच छापलंय. पोरांना मी कुठलं सांगू?” मी पत्रक छापणाऱ्या कचेरीला फोन केला. सूचना नोंदवून घेतली म्हणाले. मग लेखी अर्ज दिला. त्याची पोच मिळाली, उत्तर नाही. कचेरीचं नाव मी इथं लिहीत नाही, ज्यांनी छापलं त्यांना ते ठाऊक आहे. आणि आता तीच ओळ, त्याच अक्षरांत, एका मोठ्या चौकात फलकावर चढली आहे. पत्रक चार दिवसांत रद्दीत जातं, फलक मात्र वर्षानुवर्षं लोकांच्या डोळ्यांपुढं राहतो. म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

आधी चूक नेमकी कुठं आहे ते सांगतो, म्हणजे ‘टायरवाल्याचं मत’ म्हणून ते बाजूला ठेवता येणार नाही.

गाडी ताशी ९० नं चालली असेल तर ती सेकंदाला २५ मीटर पुढं जाते. अशात डावीकडचा पुढचा टायर फुटला. मोठा आवाज होतो, स्टेअरिंग थरथरतं आणि गाडी डावीकडं ओढायला लागते. त्या चाकात आता हवा नाही. रबराच्या चिंध्या आणि चाकाची धातूची डिस्क एवढंच रस्त्याला लागतंय. पण बाकीची तीन चाकं शाबूत असतात, आणि गाडी सरळ पुढं जायच्या जोरात असते. तो जोर शाबूत आहे तोवर गाडी तुमच्या हातात राहते. या क्षणी ब्रेकवर पाय पडला तर काय होतं? सगळं वजन पुढं येतं, म्हणजे नेमकं फुटलेल्या चाकावर, आणि मागची चाकं हलकी होतात. तीन चाकं रस्ता धरून थांबायला बघतात, चौथ्याकडं धरायला काही नसतं. गाडी थांबण्याऐवजी फिरते. तशात माणूस घाबरून स्टेअरिंग उलट्या बाजूला झटकतो. डिस्कची कड डांबरात रुतली तर गाडी उलटायलाही वेळ लागत नाही. मागचा टायर फुटला की स्टेअरिंगला फारसं कळत नाही, सीटखाली कळतं. गाडीचं बूड हेलकावतं. तिथं ब्रेक मारला तर बूड पुढं यायला बघतं आणि गाडी आडवी होते.

ब्रेकमध्ये एबीएस आहे, मग काळजी नाही, असं मला दुकानात रोज कोणीतरी सांगतं. एबीएस चाक जॅम होऊ देत नाही, हे खरं. पण ज्या चाकाला टायरच उरला नाही त्याला एबीएस पकड कुठून देणार?

बुजलेल्या बैलाचा कासरा धरलेल्या माणसाला हे सांगायला लागत नाही. तो हिसका मारत नाही, घट्ट धरून बैलाबरोबर चार पावलं जातो. टायर फुटलेल्या गाडीचंही तसंच.

मागच्या उन्हाळ्यात पहाटेच्या वेळी दुधाचा एक टेम्पो माझ्या दारात आला. पुढचा उजवा टायर पार चिंधड्या, डिस्क घासून चपटी, पण टेम्पो सरळ आणि मागचे कॅन जागच्या जागी. ड्रायव्हर तरणा पोरगा. मी विचारलं, काय केलंस? म्हणाला, “काय न्हाई मामा. उस्तादानं सांगितलं हुतं, आवाज आला की आधी पाय आवर. पाय आवरला, हात घट्ट धरलं, गाडी आपसूक मंदावली.” त्याला हे कुठल्या शाळेनं शिकवलं नव्हतं. क्लीनर म्हणून चढला तेव्हाच्या उस्तादानं शिकवलं होतं.

त्याच्या थोडं आधीची गोष्ट वेगळी आहे. जोतिबाला निघालेलं बाहेरगावचं कुटुंब, मागचा डावा टायर फुटला, चालवणाऱ्यानं पूर्ण ताकदीनं ब्रेक दाबला. रस्त्यावर काळे पट्टे बरेच दिवस दिसत होते. गाडी दुभाजकावर चढून पलीकडं गेली. त्या कुटुंबातले सगळे परत गेले नाहीत. गाडी उचलून आणल्यावर मी तो टायर बघितला. त्याबद्दल पुढं लिहितो, कारण माझ्या एका तक्रारीचं मूळ तिथं आहे.

तर फलकावर काय लिहायचं? मजकूर मीच देतो, फुकट घ्या:

टायर फुटला तर ब्रेकला पाय लावू नका. स्टेअरिंग दोन्ही हातांनी, घड्याळात नऊ आणि तीन असतात त्या जागी, घट्ट धरा. ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढू नका. क्षणभर आहे तसा ठेवा आणि गाडी सरळ झाली की हळूहळू सोडा. गाडी ओढेल त्याच्या विरुद्ध बाजूला, लागेल तेवढंच धरा, झटका देऊ नका. एकदम खालचा गिअर टाकू नका, हँडब्रेक ओढू नका. वेग ताशी ३०-४० पर्यंत उतरला की आरसा बघून, इंडिकेटर देऊन, अलगद डावीकडं घ्या. अगदी शेवटी हलका ब्रेक. चारही इंडिकेटर एकदम लावणारं हॅझर्डचं बटण गाडी ताब्यात आल्यावर दाबा, आधी नाही.

ॲक्सिलरेटरवर पाय ठेवा म्हटलं की लोक माझ्याकडं वेड्यासारखं बघतात. वेग वाढवायला कोणी सांगत नाही. फुटलेलं चाक गाडीला एका बाजूला मागं ओढतं. त्याच क्षणी पाय झटकन काढला तर इंजिनही मागं खेचायला लागतं आणि वजन पुढं येतं, म्हणजे अर्धा ब्रेक मारल्यासारखंच. क्षणभर इंजिनचा जोर तसाच राहिला तर गाडी सरळ राहते.

दुचाकीवाल्यांसाठी दोन वाक्यं वेगळी हवीत, कारण आपल्या जिल्ह्यात त्याच जास्त. हँडल सरळ घट्ट धरायचं, जे चाक फुटलंय त्याचा ब्रेक लावायचा नाही, आणि शाबूत चाकाचा ब्रेकसुद्धा वेग उतरल्यावर, तोही अलगद. ट्यूबचा टायर एकदम बसतो, ट्यूबलेस बहुधा हळूहळू हवा सोडतो. जुन्या गाडीला ट्यूब आहे की ट्यूबलेस हे चालवणाऱ्याला माहीत तरी असावं.

आता तक्रारी.

पहिली तक्रार ड्रायव्हिंग स्कूलची आणि परवाना देणाऱ्यांची, आणि ती मला सर्वात मोठी वाटते. मी काही नवीन मागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३१ काढून बघा. ड्रायव्हिंग स्कूलनं काय शिकवायचं याचा अभ्यासक्रम त्यात दिलाय. आणीबाणीत गाडी कशी सांभाळायची याचा वेगळा भाग आहे आणि त्यात पुढचा टायर फुटणं, मागचा टायर फुटणं, ब्रेक निकामी होणं, गाडी घसरणं हे सगळं लिहिलंय. म्हणजे १९८९ पासून हे कागदावर आहे. आणि प्रत्यक्षात? मुलगी ज्या क्लासला गेली तिथं तिला क्लच सोडणं, रिव्हर्स घेणं आणि मैदानावर आठचा आकडा काढणं शिकवलं. टायर फुटला तर काय, असं तिनं विचारलं तेव्हा शिकवणारे म्हणाले, “नवी गाडी हाय तुमची, न्हाई फुटायचा.” टायर फोडून दाखवा असं कोणी म्हणत नाही. गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून, ‘आवाज झाला, आता पाय कुठं, हात कुठं’ एवढा सराव पाच मिनिटांत होतो. तो रोज एकदा केला तर त्या क्षणी पाय आपसूक ब्रेककडं जाणार नाही. त्या क्षणी विचार करायला वेळच नसतो, जे अंगवळणी पडलंय तेच होतं. आणि तुमचं पत्रक ब्रेकच अंगवळणी पाडतंय.

शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत खुणांचे प्रश्न असतात, ते हवेतच. त्यात टायर फुटण्यावर एक प्रश्न सक्तीचा झाला तर पोरं उत्तर पाठ तरी करतील. पक्क्या परवान्याची चाचणी माणूस चालतो तेवढ्या वेगात होते. तोच माणूस दुसऱ्या दिवशी महामार्गावर ताशी १०० नं जायला मोकळा. चार पदरी दुभाजकाच्या रस्त्यावर मोटारीला १०० ची मर्यादा २०१८ च्या अधिसूचनेनं दिली. वेग वाढवून दिला, शिकवणं तिथंच राहिलं.

दुसरी तक्रार पंचनाम्याची. मघाच्या त्या जोतिबाच्या गाडीचा टायर. नक्षी चांगली होती. नियमानं चारचाकीला १.६ मिलिमीटर नक्षी लागते, इथं त्याच्या कितीतरी वर होती. बघणारा म्हणेल नवाच आहे. पण टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ३५२१ असेल तर २०२१ चा पस्तिसावा आठवडा. त्या टायरवरचं साल बघितलं तर तो म्हातारा निघाला. गाडी वर्षभर दारात उभी आणि सुट्टीत बाहेर काढायची, अशा घरातली. रबर न चालताही कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. तशात हवा कमी, वर सामान, वर ऊन. पंचनाम्यात काय आलं? ‘टायर फुटल्याने वाहनावरील ताबा सुटून’. पुढं पूर्णविराम आणि फाइल बंद.

टायर कशानं फुटला, किती जुना होता, हवा किती होती, फुटल्यावर ब्रेक मारला का, यातलं एकही कोणी विचारत नाही. टायर फुटला म्हटलं की चालवणाराही सुटतो, गाडीचा मालकही सुटतो, रस्ताही सुटतो. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले. तिथंही पहिल्यांदा चालकाकडून हेच आलं होतं, टायर फुटला. परिवहन विभागानं तपासलं तेव्हा टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. तिथं निदान कोणीतरी चाकाकडं वाकून बघितलं. आपल्याकडच्या रोजच्या अपघातांत तेवढं तरी व्हावं.

तिसरी तक्रार हवेची. पेट्रोल पंपावर मोफत हवा ही ग्राहकाला द्यायचीच सुविधा आहे. मी नाव कुठल्याच पंपाचं घेत नाही, पण गिऱ्हाईक माझ्याकडं येऊन सांगतात: मशीन बंद, पोरगा जेवायला गेलाय, मीटर तुटलाय, अंदाजानं भरतो. अंदाजानं भरलेली हवा मी मोजतो तेव्हा एका चाकात २४ पॉइंट आणि दुसऱ्यात ३८ निघते. चारचाकी चालवणाऱ्याला त्याच्या गाडीत किती हवा लागते हे माहीत नसतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीनं चिकटवलेलं असतं, दोन आकडे असतात, कमी माणसांचा वेगळा आणि भरलेल्या गाडीचा वेगळा. पाच माणसं, डिकी भरलेली, टपावर बॅगा, आणि निघालेत राधानगरीमार्गे गोव्याला: त्यांना दुसरा आकडा लागतो.

आणि एक गैरसमज तर इतका घट्ट बसलाय की मी सांगून दमलो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची म्हणे, तापून फुगते आणि फुटते. उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला चेपते आणि सुटते, चेपते आणि सुटते. त्या चेपण्यानं आतल्या आत जी उष्णता तयार होते ती उन्हापेक्षा वाईट. आतले धागे रबरापासून सुटतात आणि मग महामार्गावर, वेगात, एकदम जातो. हवा सकाळी टायर गार असताना मोजायची आणि कंपनीनं सांगितली तेवढी भरायची. तापलेल्या टायरात आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडायची नाही. नायट्रोजन भरायला हरकत नाही, आम्हीही भरतो, पण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरला म्हणून चार महिने मोजायचं सोडलं तर पैसे देऊन धोका घेतला. हे सगळं तुमच्या पत्रकात कुठंच नाही. ‘टायर सुस्थितीत ठेवा’ एवढं आहे. सुस्थिती म्हणजे काय ते वाचणाऱ्यानं ओळखायचं.

चौथी तक्रार रस्त्याची. सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम चाललंय, त्रास होणार हे मान्य. मोठा रस्ता आम्हालाही हवाय. पण ठिकठिकाणी वळवलेल्या रस्त्याला काँक्रीटची उघडी कड, जुन्या-नव्या डांबराची पायरी, मधेच डोकं वर काढलेली सळई. रात्री, पावसात, समोरच्या दिव्यांच्या झोतात हे दिसत नाही. अशा कडेवर टायर आदळला की तो लगेच फुटेलच असं नाही. आतले दोन-चार धागे तुटतात. बाहेरून काही नाही. आठवड्यानं बाजूला फुगा येतो, आणि फुटतो तो भलतीकडंच, कऱ्हाडच्या पुढं नाहीतर निपाणीच्या खाली. दणका इथं बसलेला असतो, अपघात तिथं नोंदला जातो. म्हणून या कडांचा हिशेब कुठल्याच कागदावर येत नाही. फुगा आलेला टायर घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी विचारतो, कुठं आदळला? उत्तरात तीच तीच ठिकाणं येतात. विचारायला कोणी आलं तर यादी देतो.

टायर फुटल्यावर थांबायचं कुठं हाही प्रश्नच. कडेची पट्टी आहे तिथं ट्रक रात्रीचे उभे. पुलावर तर जागाच नाही. पंचगंगेच्या पुलावर टायर गेला तर काय करायचं हे लोकांना सांगा: थांबायचं नाही, हॅझर्ड लावून, पायी चालल्याच्या वेगानं, डिस्कवर का होईना, पूल ओलांडायचा. डिस्क वाया जाईल, जाऊ दे. पुलाच्या मधोमध जॅक लावून बसलेला माणूस मी पाहिलाय, मागून उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येत होता. आणि थांबल्यावर माणसांनी गाडीत बसून राहायचं नाही, गाडीच्या मागं तर मुळीच उभं राहायचं नाही. कठड्याच्या पलीकडं जायचं, त्रिकोण निदान पन्नास पावलं मागं ठेवायचा, १०३३ या महामार्गाच्या मदत क्रमांकाला फोन करायचा. हा नंबर किती जणांना पाठ आहे, महामार्गावरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारून बघा.

त्यात एक नवीन भानगड. २०२० मध्ये केंद्रानं नियम बदलला. गाडीत हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर छोट्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. खिळा लागला तर किट पुरतं. पण बाजू फाटलेल्या टायरला किट काय करणार? अशा गाड्या आता वाढतायत. त्यांच्या मालकांना रात्री घाटात कळतं की डिकीत चाकच नाही.

पाचवी तक्रार थोडक्यात, कारण ती सगळ्यांना पाठ आहे. गळीत हंगामात ट्रॉल्या किती भरतात आणि त्यांचे टायर कसे असतात ते तुम्हीही बघता. रिमोल्डला, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवण्याला, माझा विरोध नाही, चांगला रिमोल्ड मागच्या चाकांना चालतो. पुढच्या, स्टेअरिंगच्या चाकाला नको. जोडीच्या चाकातला एक टायर बसला की सगळा बोजा दुसऱ्यावर जातो आणि मग तोही तापून जातो. जुने ड्रायव्हर थांबले की टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मारून प्रत्येक टायरचा आवाज ऐकायचे, बद्द वाजला की कळायचं. ट्रॉलीच्या टायरला हंगाम सुरू व्हायच्या आधी कोणी एकदा टॉमी तरी मारतं का?

आता मागण्या. पैसा लागेल अशी त्यातली एखादीच.

चौकातला फलक आधी उतरवा, आणि त्याच जागी बरोबर मजकूर लावा. पत्रकाची शिल्लक वाटू नका. ज्या कॉलेजांत ते वाटलं त्यांना दुरुस्तीचं पत्र पाठवा, म्हणजे माझ्या मुलीसारख्यांना वर्गात काय सांगायचं ते कळेल.

नियम ३१ मधला आणीबाणीचा भाग शिकवला जातो का, याची प्रत्येक ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तपासणी करा. आणि स्कूलवाल्यांनो, तपासणीची वाट बघू नका. उभ्या गाडीतल्या सरावाला पेट्रोलसुद्धा लागत नाही.

टायर फुटल्याची नोंद असलेल्या प्रत्येक अपघातात चारही टायरचं साल, नक्षीची खोली आणि शाबूत टायरमधली हवा पंचनाम्यात लिहा. मोजायला माणूस हवा असेल तर या रस्त्यावरचा कुठलाही टायरवाला येईल, मी येतो.

समृद्धीवर प्रवेशाच्या ठिकाणी टायर बघून गाड्या अडवायला २०२३ मध्ये सुरुवात झाली. आपल्या महामार्गावर किणी टोलनाक्याजवळ आणि कागलच्या हद्दीत, निदान एप्रिल-मे आणि दिवाळीच्या सुट्टीत तसं करा. दंड पहिल्याच दिवशी नको. आधी हवा मोजून द्या, टायरचं साल दाखवा. पंपांवरचे हवेचे मीटर वर्षातून एकदा तपासून त्यावर तारखेची चिठ्ठी लावा.

वळवलेल्या रस्त्यांवरच्या कडा आणि सळया पावसाळ्यापूर्वी काढा, जिथं लगेच काढता येत नाहीत तिथं चमकणारी पट्टी लावा. कडेच्या पट्टीवर रात्री ट्रक उभे राहू देऊ नका. १०३३ चा फलक दूरवरून दिसेल एवढा मोठा करा.

कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत ट्रॉल्यांचे टायर एकदा तपासा.

या पत्राला उत्तर लेखी द्या, फोनवर ‘सूचना नोंदवली’ नको. फुटलेले टायर माझ्या दुकानामागं रचून ठेवलेत. हवा कमी असल्यानं गेलेले, दणक्यानं गेलेले, म्हातारे होऊन गेलेले, वेगवेगळे. पुढच्या जानेवारीत अभियान करताना ते मांडून दाखवायला घेऊन जा, भाडं नको. आणि फलक उतरवायला माणूस मिळत नसेल तर तेही कळवा. शिडी माझ्याकडं आहे.

आपला,
महामार्गावरचा एक टायरवाला
शिरोली, जि. कोल्हापूर